पारंपरिक नावाचा कवी

मालेगाव म्हटले की समोरचा लगेच विचारतो, ‘नाशिकचे का?’ वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावकरांना याची इतकी सवय आहे की गावाचे नाव सांगतानाच ते ‘वाशिमचे’ हे पुढे जोडून टाकतात. मोठ्या नावाने धाकटे नाव झाकून टाकायचे, ही लोकांच्या स्मरणाची रीतच आहे. गावाला निदान पिनकोड असतो, तालुका असतो. गाण्याला यातले काहीच नसते. म्हणून गाणी एकाच्या घरातून निघतात आणि दुसऱ्याच्या नावावर नांदतात.

अकोल्याहून वाशिमकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून कारंजा, मेहकरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता या मालेगावात एकमेकांना भेटतात. भोवतालच्या खेड्यांत वऱ्हाडी बोली आहे, बंजारा तांड्यांवर गोरबोली आहे आणि दक्षिणेला हिंगोलीच्या अंगाने मराठवाडी ऐकू येते. गाण्यांचेही तसेच. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, फाल्गुनात तांड्यावर लेंगी, संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना, 14 एप्रिलला भीमगीते. यातली सगळीच गाणी ‘लोकांची’ वाटतात. मात्र काहींना कवी आहे, काहींना नाही. आणि नेमके कुणाला आहे, हे सांगताना भलेभले चुकतात.

वऱ्हाडातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात ‘काळ्या मातीत मातीत’ हे गाणे ठरलेले असते. डोक्याला फेटे, हातात पुठ्ठ्याची तिफण, आणि निवेदक म्हणतो, ‘सादर आहे पारंपरिक शेतकरी गीत.’ गाणे पेरणीचे आहे, शब्द मातीतले आहेत आणि चाल अशी की पिढ्यान्‌पिढ्या पाझरत आली असावी. पण ते पारंपरिक नाही. ते अकोल्याचे कवी डॉ. विठ्ठल वाघ यांनी लिहिले आहे. 1981 च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटासाठी अनिल-अरुण या संगीतकारांनी त्याला चाल दिली आणि सुरेश वाडकर व अनुराधा पौडवाल यांच्या आवाजात ते घराघरांत पोचले. कवीच्या वऱ्हाडीत ‘काळ्या’चे ‘काया’ होते; रेकॉर्डवर ते प्रमाण मराठीकडे सरकले आणि बोलीतला कवी आणखी थोडा झाकला गेला.

याच चित्रपटात आणखी एक गंमत दडलेली आहे. चित्रपटाचे नाव बहिणाबाई चौधरींच्या प्रसिद्ध कवितेवरून घेतलेले. त्यामुळे तिफणीचे गाणेही त्यांचेच असेल, असे वाटायला सोपे. खानदेशी आणि वऱ्हाडी तशा शेजारणीच. आणि याच चित्रपटातले ‘विठुमाउली तू’ आज गावोगावच्या दिंडीत टाळांवर म्हटले जाते. अनेकांना ते एखाद्या संताचे वाटते. ते जगदीश खेबुडकरांचे चित्रपटगीत आहे. एकच चित्रपट, आणि त्यात श्रेयाच्या घोटाळ्याचे इतके नमुने.

अशा चुका साधारण दोन दिशांनी होतात. कुणी एकाने लिहिलेले गाणे इतके रुजते की ते ‘लोकांचे’ ठरते आणि लिहिणारा पुसला जातो. किंवा मुळात अनेकांच्या तोंडी घडलेले गाणे कुणी एक जण आपल्या नावावर चढवतो आणि लोक पुसले जातात. पहिली चूक बहुधा प्रेमापोटी होते, दुसरी बहुधा पैशापोटी. मराठीत पहिलीचीच उदाहरणे फार.

‘इंद्रायणी काठी’ ऐकताना डोळे मिटणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो जुन्या काळचा अभंग समजतात. तो गदिमांचा, 1953 च्या ‘गुळाचा गणपती’साठी लिहिलेला, पु. ल. देशपांडे यांनी संगीत दिलेला आणि भीमसेन जोशींनी गायलेला. ‘कानडा राजा पंढरीचा’ हेही गदिमांचेच, 1970 च्या ‘झाला महार पंढरीनाथ’मधले. कोळीवाड्यातल्या हळदीला ‘मी डोलकर’वर नाचणाऱ्यांना ते कोळ्यांचे पिढीजात गाणे वाटते, शब्द शान्ता शेळके यांचे आहेत. ‘माझी मैना’ ही छक्कड लोकगीतांच्या कार्यक्रमात गायली जाते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती रचणारे अण्णा भाऊ साठे निवेदनातून गळतात. ‘जोगवा’तले ‘लल्लाटी भंडार’ 2009 चे, संजय कृष्णाजी पाटील यांचे. तरी दहा-बारा वर्षांतच त्याला ‘देवीचे पारंपरिक गीत’ म्हणणारे भेटू लागले. यात कवीचे दु:ख आहे तसे यशही आहे, हे मान्य करायला हवे. आपले गाणे संताचे वाटावे, याहून मोठी पावती गदिमांना कोण देणार होते?

मालेगावपासून मेहकर दूर नाही. तिथे वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताचा पाया तिथे घातला गेला असे मानतात. ती तबकडी महाराष्ट्रभर वाजली. ऐकणाऱ्यांच्या लेखी मात्र गाणे जोशींचे झाले, कारण कानाला आवाज भेटतो, कवी भेटत नाही. 1986 मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मेहकरचा हा कवी नव्याने बातमीत आला.

जुन्या कवींना हा धोका पुरेपूर ठाऊक होता. म्हणून तर अभंगाच्या शेवटी नाममुद्रा आली. छापखाना नव्हता, करार नव्हता. नाव टिकवायचे तर गाण्यातच गुंफायला हवे. शाहिरांनी तेच केले. तुकडोजी महाराजांनी ‘तुकड्यादास’ म्हणून केले आणि वामनदादा कर्डकांनीही भीमगीतांच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ बसवला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 मध्ये जन्मलेल्या वामनदादांची गाणी लग्नात, मिरवणुकीत, वस्तीवरच्या लाउडस्पीकरवर इतकी फिरली की ती नाममुद्रा नसती तर त्यांतली निम्मी आज ‘पारंपरिक भीमगीते’ झाली असती.

पण नाममुद्रेलाही गळती लागते. गायक शेवटचे कडवे गाळतो आणि कवी तिथेच संपतो. वारकरी संप्रदायाची इमारत उभी करून दाखवणारा, ज्ञानदेवांनी पाया घातला आणि तुकोबा कळस झाले असे सांगणारा अभंग घ्या. कळसाच्या उल्लेखामुळे तो तुकोबांचाच असे बेधडक सांगितले जाते. कळस झाल्यावर स्वत:बद्दल तसे लिहिण्याइतके तुकोबा आत्मप्रौढ नव्हते, हे तरी सुचायला हवे! तो त्यांच्या शिष्या संत बहिणाबाई यांचा आहे. शेवटी त्यांचे नाव आहे, फक्त तिथवर गाणे पोचत नाही. आणि पोचले तरी घोटाळा संपत नाही. सतराव्या शतकातल्या या बहिणाबाई आणि विसाव्या शतकातल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची सर्रास अदलाबदल होते.

नाममुद्रेचा दुसरा घोटाळा उलट्या बाजूचा. मोठ्या संताच्या नावावर इतरांचे अभंग येऊन बसतात. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या वेगळ्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत. ख्रिश्चन नोव्हेट्झके या अमेरिकी अभ्यासकाने तर असे मांडले की ‘नामा म्हणे’ ही एका माणसाची सही न समजता अनेक पिढ्यांच्या गाणाऱ्यांनी मिळून चालवलेले नाव समजावे. जात्यावरच्या बायकांनी जनाबाईचे असेच केले. विठ्ठल जनीसंगे दळू लागला, ही कथा ज्यांना आपली वाटली त्यांनी आपल्या ओव्याही जनीच्या पदरात टाकल्या. याला चोरी कोण म्हणेल? नाव मिळवण्यापेक्षा नाव देऊन टाकण्यात त्यांना समाधान होते.

एकाच्या नावावर अनेकांची गाणी जमण्याची ही खोड मराठी मुलखात निदान दीड हजार वर्षांची आहे, आणि तिचा एक धागा थेट वाशिमला येतो. ‘गाहा सत्तसई’ हा माहाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह हाल सातवाहनाच्या नावावर ओळखला जातो. त्यात गोदाकाठची शेते आहेत, कापसाचे वावर आहे, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई आहे. हाल हा संग्राहक. सगळ्या गाथा त्याच्या नव्हेत. टीकाकारांनी गाथांच्या कवींची नावे नोंदवली आहेत, त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा स्त्रियाही आहेत. जर्मन पंडित वेबर याने हस्तलिखिते ताडून पाहिली तेव्हा सर्व पाठांत समान अशा गाथा जेमतेम 430 च्या आसपास निघाल्या. उरलेल्या येत-जात राहिल्या. आलेल्यांत काही सर्वसेन या राजाच्या नावावर आहेत. हा सर्वसेन चौथ्या शतकातला वाकाटक, आणि त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. त्याचे स्वत:चे ‘हरिविजय’ हे काव्य नष्ट झाले. दुसऱ्याच्या नावावरच्या संग्रहात त्याचे चार शब्द मात्र उरले.

झडत्यांचा प्रकार याहून वेगळा. पोळ्याला आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहतात आणि कुणीतरी पुढे होऊन झडती टाकतो. महादेव-पार्वतीला नमन करून ती सुरू होते आणि कापसाच्या भावावर, सावकारावर, पुढाऱ्यावर घसरते. प्रत्येक झडतीला जमाव ‘हर हर महादेव’ने उत्तर देतो. गाजलेली झडती पुढच्या पोळ्याला शेजारच्या गावात नवे नाव घालून ऐकू येते. आमदार बदलला की झडतीतला आमदारही बदलतो. इथे ‘मूळ कवी कोण’ हा प्रश्न विचारणाऱ्यालाच लोक खुळ्यात काढतील. लोकगीत म्हणायचे तर याला म्हणावे.

भुलाबाईचे दुखणे निराळे आहे. वऱ्हाड आणि खानदेशात मुली भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती मांडतात, घरोघरी गाणी म्हणतात, शेवटी खाऊ ओळखायचा खेळ करतात आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांखाली बसवून महिन्याचा शेवट करतात. पुण्याकडचा भोंडला आश्विनातला, पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरण्याचा; कोल्हापूर, साताऱ्याकडे तोच हादगा. तीनही ठिकाणी माहेरी निघालेल्या सुनेला सासू कारल्याचे बी पेरण्यापासून एकेक अट घालते ते गाणे आहे, आणि रुसलेल्या सुनेला घरातला एकेक माणूस समजवायला जातो तेही आहे. शब्द वेगळे, नात्यांचा क्रम वेगळा, नवरा शेवटी काय देतो तेही वेगळे. पण पुस्तके पुण्या-मुंबईत छापली गेली, त्यामुळे सगळ्यांवर शिक्का पडला ‘भोंडल्याची गाणी’ म्हणून. आता वऱ्हाडातल्याच शाळा मोबाइलवर भोंडला ऐकून तो मुलींना शिकवतात, आणि त्यांच्या आजीची भुलाबाई त्याच घरात मुकी बसते. हे नुकसान कवीचे नाव गाळण्यापेक्षा कमी नाही. यात अख्ख्या प्रदेशाचे नाव गळते.

बंजारा समाजालाही हा अनुभव नवा नाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, जिथे ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले, रामनवमीला तांडेच्या तांडे लोटतात. नंगाऱ्याच्या ठेक्यावर लेंगी गाणाऱ्या या लोकांची भाषा गोरबोली. पण आरसेकामाचा पोशाख मंचावर दिसला की निवेदक ‘राजस्थानी लोकनृत्य’ म्हणून मोकळा होतो. कित्येक पिढ्या याच मातीत राहिलेल्यांना एका वाक्यात परक्या राज्यात पाठवले जाते.

पहिल्या दिशेची चूक पैशापोटीही होते. ‘पारंपरिक’ या लेबलाखाली कुणाचे तरी हक्काचे उत्पन्न गिळण्याचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने 1939 मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकडी अमेरिकेत पोचली. पीट सीगर आणि त्यांच्या ‘वीव्हर्स’ चमूने ते आफ्रिकी लोकगीत समजून गायले. त्यावर रचनाकार म्हणून ‘पॉल कॅम्पबेल’ हे नाव लागले. असा कुणी माणूसच नव्हता. जुन्या गाण्यांवरचे मानधन गोळा करण्यासाठी योजलेले ते टोपणनाव होते. पुढे 1961 मध्ये त्याचेच ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झाले, 1994 मध्ये ते ‘द लायन किंग’मध्ये आले. लिंडा 1962 मध्ये गरिबीतच वारले होते. मुलींनी खटला भरला आणि 2006 मध्ये तडजोड होऊन कुटुंबाला वाटा मिळू लागला.

आपल्याकडचे ताजे उदाहरण बंगालचे. 2020 मध्ये बादशाह या रॅपरच्या ‘गेंदा फूल’मध्ये एक बंगाली कडवे होते, श्रेय ‘बंगाली लोकगीत’ असे. ते वीरभूम जिल्ह्यातल्या रतन कहार यांनी 1972 मध्ये रचलेले आणि कहार हयात होते! ओरड झाल्यावर बादशाहने त्यांना पाच लाख रुपये दिले. 2024 मध्ये कहार यांना पद्मश्री मिळाली. गोव्याचे ‘हांव सायबा पलतडी वेता’ हे देखणी गीत कार्लुस युजेनियु फॅरेरा यांचे. ‘बॉबी’त 1973 मध्ये त्याची चाल देशभर गाजली, पण फॅरेरा हे नाव गोव्याबाहेर कुणाला माहीत आहे?

कायदा काय म्हणतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. अनामिक लोकगीतावर असा हक्क कुणाचाच नाही, पण त्याच्या नव्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा असतो. म्हणून असेही घडू शकते की खेड्यातल्या बाईने आजीकडून शिकलेली ओवी यूट्यूबवर टाकावी आणि तिच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी दावा यावा. मात्र याच कायद्याचे कलम 57 कवीचा नावावरचा हक्क वेगळा मानते. गाणे विकले तरी नाव विकले जात नाही.

मग नावे टिकतात ती कशी? बहिणाबाई चौधरींचे उत्तर साधे आहे: कुणीतरी लिहून घेतले म्हणून. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर सुचलेले त्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी टिपून ठेवत. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या. सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्रे यांना दाखवले आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ आली. ते बाड माळ्यावर राहिले असते तर यातल्या चार-दोन ओळी खानदेशात ‘जुनी म्हण’ म्हणून उरल्या असत्या, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला असलेले नाव कुणाला सुचलेही नसते.

सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत, साने गुरुजी, वऱ्हाडात मधुकर वाकोडे, यांनी लोकवाङ्मय वेचले नसते तर फार मोठा ठेवा गेला असता. तरीही जुन्या संग्रहांत बहुतेक ठिकाणी गाणे आहे, गाणारी नाही. ही उणीव पुण्याच्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी भरून काढली. त्यांनी महाराष्ट्रातल्या एक हजारांहून जास्त गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव नोंदवले. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या आवाजासह, छायाचित्रासह येत आहेत. ओवी त्या बाईनेच रचली असा दावा तिथे नाही. ती कुणाच्या तोंडून, कुठे, केव्हा ऐकली, एवढेच आहे. आणि प्रामाणिक नोंद म्हणजे एवढेच.

मालेगाव तालुक्यात ही नोंद ठेवायला संस्था हवी असे नाही. येत्या पोळ्याला झडती ऐकली, भाद्रपदात भुलाबाई मांडली, तांड्यावर लेंगी कानावर पडली, तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना सुरुवातीलाच म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख त्याच्याच आवाजात घ्यावी. कुणाकडून शिकला तेही विचारावे. शाळांनी निवेदनाच्या कागदावर ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी एकदा शोधून पाहावे. आणि तिफणीच्या गाण्यावर पोरे नाचायला उभी राहतील तेव्हा माइकवरून एवढे तरी सांगावे: कवी, विठ्ठल वाघ.